पाडव्याला छाटलेला लायलॅक

नोव्हाय, मिशिगन
१० मे

ती. आश्लेषाताई,

सादर नमस्कार. आधी माफी मागते आणि मग खुशाली विचारते, कारण क्रम उलटा केला तर तुम्ही खुशालीपाशीच पत्र खाली ठेवाल. तुमचे तीन मेसेज आले. तिन्हींत एकच प्रश्न होता, बाबांना कधी पाठवताय, आणि तिन्हींना मी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवून गप्प बसले. ते उत्तर नव्हे हे मला कळतं. दर वेळी ते चित्र पाठवल्यावर मला अपराधी वाटायचं आणि अपराधी वाटलं की आणखी उशीर व्हायचा. असा महिना गेला. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला हे पथ्य पाळायला फार कष्ट पडत नसावेत. यतीनरावांची शुगर आटोक्यात आहे ना?

फोन सोडून पत्र कसलं लिहितेस, असं तुम्हाला वाटेल. पण तुमचे बाबा आल्यापासून या घरात खासगी फोन ही गोष्ट उरलेली नाही. फोन कानाला लावला की कान तापतो असं त्यांचं मत आहे, त्यामुळे जो वाजेल तो फोन स्पीकरवर जातो. मेसेज आला की ते चष्मा लावून मोठ्याने वाचतात, स्वल्पविरामासकट. (रवींद्रच्या बॉसचा एक मेसेज त्यांनी आमटी वाढता वाढता वाचून दाखवला. रवींद्र त्या दिवशी जेवला नाही.) रवींद्रच्या ऑफिसातला केदार बुधवारी नागपूरला निघतोय, त्याच्याबरोबर हे पत्र देते आहे.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बाबा लायलॅक फुलला की येणार आहेत. अडचण एवढीच आहे की लायलॅक या मे महिन्यात फुलणार नाही, आणि हे फक्त मला माहीत आहे. (रवींद्रला आणि अनिकालाही माहीत आहे, पण त्यांना माहीत असण्याचा घरात कधीच काही उपयोग होत नाही.)

लायलॅक म्हणजे इकडचं थंडीतलं झुडूप. मे महिन्यात त्याला जांभळ्या फुलांचे तुरे येतात आणि त्यांचा वास रस्ता ओलांडून पलीकडे जातो. आमच्या शेजारी जूडी नावाच्या निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांच्याकडे एक जुना लायलॅक आहे, छपराला टेकलेला. आम्ही हे घर घेतलं त्या मे महिन्यात मी कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर गेले आणि त्या वासाने तशीच उभी राहिले, हातात डब्याचं झाकण धरून. आपल्या दारातही हे हवं, असं तेव्हाच ठरवलं. पण आमच्या वसाहतीचा नियम असा की दारापुढचं झाड खिडकीच्या वर जाता कामा नये. (गवत किती उंच असावं, दाराचा रंग कुठला असावा, याचेही नियम आहेत. माणसांबद्दल अजून काही आलेलं नाही.) म्हणून ठेंगणी जात आणली. कमरेपर्यंत वाढते, आटोपशीर राहते आणि म्हणे नवशिक्यालाही जमते. ही शेवटची गोष्ट पाटीवर लिहिणाऱ्याने मला पाहिलेलं नव्हतं.

पहिल्या वर्षी मी त्याला कुंडीत ठेवलं आणि नोव्हेंबर लागताच आत आणलं. आता ताई, इथे आपल्या माणसांच्या घरी थंडीत काय चालतं ते तुम्ही पाहिलेलं नाही. दिवाळी झाली की कढीपत्त्याची कुंडी दिवाणखान्यात येते, सगळ्यांत उन्हाची खिडकी तिला मिळते आणि तिच्यासाठी सोफा सरकतो. माणसं एकमेकांना फोन करून मुलांच्या आधी कढीपत्त्याची चौकशी करतात. त्याच मायेने मी लायलॅकही आत घेतला, तुळस आणि कढीपत्ता यांच्या मधोमध, हीटरच्या झरोक्याजवळ. तो जानेवारीत फुटला. फिकट, लांबुडकी पानं आली आणि आठवड्याभरात गळली. मग वाचलं तर कळलं की याला थंडी लागतेच. बर्फात महिनोन्‌महिने झोपल्याशिवाय तो फुलतच नाही. ज्याला बाहेर कुडकुडायचं होतं त्याला मी मांडीवर घेऊन बसले होते. (हे मला अनिकाच्या बाबतीतही लागू पडतं का, यावर मी रोजनिशीत तीन पानं लिहिली. निष्कर्ष निघाला नाही.)

दुसऱ्या वर्षी पायऱ्यांशेजारी जमिनीत लावला. रवींद्रने हिरवळीला खत घातलं आणि उरलेलं ‘वाया कशाला’ म्हणून याला घातलं. पानं अशी आली की पायऱ्या दिसेनात. फूल एक नाही. खत जास्त झालं की लायलॅक पानांवरच समाधान मानतो, हेही मग वाचलं. मी नेहमी मगच वाचते.

तिसऱ्या वर्षी मी काहीही केलं नाही. हे लिहायला सोपं आहे. खत नाही, छाटणी नाही, आत आणणं नाही. वादळातही मी खिडकीतून नुसती बघत राहिले. लायलॅक पुढल्या वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतो आणि त्या थंडीभर काड्यांच्या टोकांना तशाच राहतात, हिरवट, मिरीपेक्षा जरा मोठ्या, जोडीजोडीने. लांबून पाहिलं तर वाळक्या काटक्या. जवळ गेलं तर प्रत्येक काटकीला टोकाशी दोन कळ्या. बर्फ वितळला तेव्हा मी रोज सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी वाकून बघायचे. त्या फुगत होत्या, ताई. मी कोणालाही सांगितलं नाही. सांगितलं की बिघडतं असं मला वाटतं. मी अंधश्रद्धाळू नाही, पण वाटतं.

आणि मार्चअखेरीला बाबा आले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी ऑफिसातून इंडियन स्टोअरला गेले. कडुनिंब नव्हता, म्हणून दुसऱ्या गावच्या स्टोअरला गेले. साखरेच्या गाठी तिथे नव्हत्या, म्हणून तिसरीकडे गेले. घरी आले तेव्हा अंगण झाडलेलं होतं, पायऱ्या धुतलेल्या होत्या, उंबऱ्याशी रांगोळीचे ठिपके होते आणि लायलॅकच्या जागी एक गोल, गुळगुळीत, वीतभर उंचीचं काहीतरी होतं. मुंजीसाठी डोकं भादरलेल्या मुलासारखं म्हणणार होते, पण त्या मुलाच्या डोक्यावर निदान शेंडी असते. बाबा कमरेवर हात ठेवून बाजूला उभे होते. “बघ,” ते म्हणाले, “नव्या वर्षाला दारात वाळक्या काटक्या! तुम्हा लोकांना वेळ नाही, मला कळतं. कसा सुटसुटीत केला.” कापलेल्या काड्यांची त्यांनी सुतळीने जुडी बांधून गराजमध्ये ठेवली होती, पुढच्या होळीला होतील म्हणून.

मी म्हणाले, “छान झालं.” आणि कपडे धुण्याच्या खोलीत जाऊन मशीन सुरू केलं. आत कपडे नव्हते.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही सांगितलं? मी स्वतःला हे रोज विचारते. सण होता. ते आठवड्यापूर्वीच आले होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी आपण होऊन काहीतरी हातात घेतलं होतं. ही सगळी कारणं खरी आहेत. पण मला वाटतं खरं कारण असं की मी सांगितलं असतं तर आवाज चढला असता, आणि चढलेला आवाज सुनेचा असला की त्याची गोष्ट होते. रात्री रवींद्रला सांगितलं. रवींद्र दिवसभर गाडीच्या दारांच्या बिजागऱ्यांतले दोष शोधतो, त्यामुळे त्याने आधी पूर्ण माहिती घेतली. मग म्हणाला, “म्हणजे मूळ कारण बाबा आहेत.” मी म्हटलं, “तू सांग त्यांना.” तो म्हणाला, “झाड तुझं आहे.” मी म्हटलं, “बाबा तुझे आहेत.” यावर तो झोपला.

खरा त्रास यानंतर सुरू झाला, कारण बाबांना त्या झुडपाचा लळा लागला. आपण त्याला वळण लावलं, आता ते फुलवायचंही आपणच, असं त्यांनी ठरवलं. तुमच्या जुन्या क्वार्टरच्या मागचा कढीपत्ता आईंच्या ताकावर कसा फोफावला होता ते तुम्हाला आठवत असेल. तो इतिहास आम्ही रोज ऐकतो. तर बाबांनी लायलॅकला ताक सुरू केलं. आंबट, दोन दिवसांचं, तांब्याने, मुळाशी. लायलॅकला आंबट माती सोसत नाही, उलट इथली माणसं त्याच्या मुळाशी चुना घालतात. हे मी त्यांना अगदी हळुवारपणे सांगितलं. “चुना पानाला,” बाबा म्हणाले, “ताक झाडाला.” जूडीबाईंनी कुंपणावरून विचारलं, हे दूध आहे का, तर यांनी सांगितलं, “बटरमिल्क. व्हेरी कूलिंग.” बाहेर तेव्हा बर्फ भुरभुरत होता.

चौथ्या का पाचव्या ताकाला स्कंक आला. हा मांजराएवढा काळापांढरा प्राणी. त्याला खायला आवडतं आणि घाबरणं आवडत नाही; घाबरला की दुर्गंधीची पिचकारी सोडतो. बाबांनी त्याला मांजर समजून ‘शुक शुक’ केलं. पुढचं सांगण्यासारखं नाही. बाबांचं स्वेटर टाकून द्यावं लागलं, पायमोजे टाकून द्यावे लागले, अनिका दोन दिवस मैत्रिणीकडे राहिली. तीन वर्षं मी ज्या दारात सुगंधाची वाट पाहिली त्या दारात पहिला जो वास आला तो हा. त्यानंतर ताक बंद झालं असं समजू नका. आता ते सकाळी घालतात, कारण तो प्राणी रात्री येतो.

मग रवींद्रने जेवताना पंचवीस तारखेच्या तिकिटाचा विषय काढला. बाबांनी शांतपणे भात कालवला आणि म्हणाले, “फूल बघून जाईन. इतकं केलंय त्याचं.” रवींद्रने माझ्याकडे पाहिलं. मी लोणच्याकडे पाहिलं. “आपली ठेंगणी जात आहे,” बाबा म्हणाले, “ती जरा उशिरा फुलते, मी वाचलंय. जूडीचं आधी येईल, मग आपलं.” अनिका मला नंतर म्हणाली, “ममा, जस्ट टेल हिम. ही इज अ ग्रोन मॅन.” सोळाव्या वर्षी सगळं किती सोपं असतं. मी तिला म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, “नो वे, ही विल क्राय.”

आता जे सांगते ते तुमच्यापाशीच ठेवा. गेल्या शनिवारी मी नर्सरीत जाऊन त्याच जातीचं, तेवढ्याच उंचीचं, फुलांनी भरलेलं लायलॅकचं झुडूप आणलं. बाबा दुपारी झोपले की जुनं उपटायचं आणि नवं लावायचं, असा बेत होता. हे फसवणुकीत मोडतं का याचा मी जाताना पूर्ण रस्ताभर विचार केला आणि मोडत नाही असं ठरवलं. येताना पुन्हा विचार केला आणि मोडतं असं ठरवलं. तोवर ते डिकीत होतं. घरी पोहोचले तर बाबा कपडे करून दारात उभे, देवळात जायचं म्हणून. गाडीत बसले, दोनदा श्वास घेतला आणि म्हणाले, “अत्तर सांडलंय का गं गाडीत?” मी म्हटलं, “एअर फ्रेशनर आहे बाबा.” म्हणाले, “फार छान आहे. हाच आणत जा.” देवळापर्यंत ते डोळे मिटून बसले होते. देवापुढे मला हात जोडवेनात. रविवारी सकाळी मी ते झाड परत करून आले. काउंटरवरच्या मुलाने कारण विचारलं तर मी म्हटलं, फुललेलं आहे म्हणून. त्याने मॅनेजरला बोलावलं.

तेव्हा ताई, मी थकले आहे. पंधरा दिवसांवर तिकीट आहे, झाडाला नुसती पानं आहेत आणि बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसतात. माझी विनंती अशी की तुम्ही फोन करा. (स्पीकरवरच करा, सगळ्यांना ऐकू येऊ दे.) सांगा की घरात काहीतरी काम निघालंय, बँकेचं म्हणा, सोसायटीचं म्हणा, आणि तुमच्यावाचून अडलंय, लवकर या. मुलीने बोलावलं म्हणून गेले तर फुलाचा प्रश्नच उरणार नाही, त्यांचाही मान राहील आणि मला खोटं बोलावं लागणार नाही. तुम्हाला बोलावं लागेल, हे माझ्या लक्षात आलं आहे. पण तुम्ही थोरल्या आहात.

यतीनरावांना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची,
सुनेत्रा

ता. क. – पत्र पाकिटात घालून कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले तर जूडीबाई कुंपणाशी होत्या. त्यांचा लायलॅक आज उमलला. एक तुरा मला दिला आणि म्हणाल्या, तुमच्या सासऱ्यांना किती वाईट वाटलं होतं हो, मी सांगितलं तेव्हा. मी विचारलं, काय सांगितलं? तर बाबा पाडव्यानंतर दोन-चार दिवसांनीच त्यांच्या झाडाच्या टोकांना काय आहे ते विचारायला गेले होते. त्या कळ्या आहेत आणि तुमच्या तुम्ही कापल्यात, असं त्यांनी सरळ सांगितलं. म्हणजे एप्रिलपासून बाबांना माहीत आहे. ताकाच्या आधीपासून. ‘फूल बघून जाईन’च्या तर फारच आधीपासून.

मी आत आले. बाबा टेबलाशी मेथी निवडत होते. मी तुरा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी आधी तुऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“कळलं वाटतं तुला,” ते म्हणाले.

“मला पाडव्यालाच कळलं होतं बाबा.”

“मग बोलली का नाहीस?”

“सण होता.”

“महिनाभर?”

मी तुऱ्यासाठी पेल्यात पाणी भरायला लागले. ते म्हणाले, “मला वाटलं, आता फूल येणार नाही हे तुला माहीतच नाही. सकाळी दार उघडलंस की आधी तिकडे बघायचीस. कसं सांगणार?” मी म्हटलं, मी तुमच्यासाठी बघत होते. मग फूल बघून जाईन असं कशाला म्हणालात, येणारच नव्हतं तर? त्यांनी मेथीची एक काडी बराच वेळ निवडली. मग जे म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहिते आहे. लिहावं की नाही याचा विचार करून चहा गार झाला. “आश्लेषा फार करते माझं. पाण्याचा ग्लाससुद्धा भरलेला मिळतो. तिथे माझ्यावाचून काही अडत नाही आणि माझ्यामुळे काही बिघडतही नाही. इथे निदान एक झाड बिघडवलं. तू चिडलीस ना? मशीन लावलंस तेव्हा कळलं मला, रिकामं मशीन वेगळं वाजतं. तिथे माझ्यावर कोणी चिडतसुद्धा नाही गं.”

मग मी चिडले, ताई. महिन्याभराचं सगळं बाहेर काढलं. कळ्या, ताक, स्कंक, सोफ्याला अजून येणारा वास, सगळं, चढलेल्या आवाजात. रवींद्र वरून धावत खाली आला आणि माझा चेहरा बघून परत वर गेला. बाबा मेथी बाजूला सारून ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, “ताकाबद्दल मात्र तुझं चुकतंय,” आणि मेथी पुढे निवडायला लागले. इतकं खूश मी त्यांना आल्यापासून पाहिलेलं नाही.

आणखी ता. क. – वरचं फोनचं सगळं रद्द समजा. पत्र नव्याने लिहायला हवं होतं, पण तसं केलं तर दुपारी मी तुमच्याकडे खोटं मागत होते हे लपलं असतं, आणि ते बरोबर नाही. तुमच्यावर कुठलाही रोख नाही. तुम्ही जेवढं करता त्याच्या निम्मंही मला जमत नाही. मी फक्त अव्यवस्थित आहे आणि यांना तेच मानवलेलं दिसतंय. खरी विनंती अशी: त्यांना इतक्यात बोलावू नका. आणि केव्हा तरी परत आले की गॅलरीत एखादी कुंडी त्यांच्या ताब्यात द्या. तुमच्या आवडीचं झाड द्या, त्यांच्या नव्हे. ते बिघडवतील. मग मोठ्याने चिडा.

आज रोजनिशी लिहायला त्राण नाही, तिची शेवटची ओळ इथेच लिहून टाकते.

उद्या: तिकीट किती पुढे ढकलायचं ते बाबांनाच विचारणे.